नमुन्याचं पान

एका पत्राचं उत्तर मी बरेच दिवस दिलं नाही. ते पत्र माझ्या टेबलावर चष्म्याच्या डबीखाली असायचं आणि रोज सकाळी मी ते पुन्हा वाचायचो. अक्षर गोल, ओळी सरळ, कागदाला कुठे सुरकुती नाही. लिहिणारी बाई कपडे शिवते हे तिने लिहिलं नसतं तरी मी ओळखलं असतं, असं मला वाटायचं. अर्थात मला जे वाटतं ते फारसं खरं नसतं.

'तुमच्या मंडळात माझे बाबा दर रविवारी येतात,' तिने लिहिलं होतं. 'त्यांनी जन्मभर बस चालवली. आता त्यांना कधी कधी घरचा रस्तासुद्धा आठवत नाही. आई गेल्यापासून ते कुठेच जात नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. तुमच्याकडून मात्र वेळेवर परत येतात आणि गुणगुणत असतात. मला एकच विचारायचं आहे. तिथे त्यांच्या शेजारी कोणी बसतं का? तेवढं कळवलंत तर जिवाला बरं वाटेल.'

किती साधा प्रश्न. अडचण एवढीच होती, की ते मंडळ कुठे नव्हतंच. ते मी बनवलं होतं.

आमच्या भागातल्या प्रार्थनामंडळांचा एक संघ आहे. कोणाची स्वतःची इमारत आहे, कोणी शाळेचा वर्ग भाड्याने घेतं, एक मंडळ तर बेकरीच्या वरच्या खोलीत भरतं आणि तिथे प्रवचन रंगात आलं की खालून पावाचा वास येतो आणि सगळ्यांचं लक्ष उडतं. दोन मंडळांत एका शिडीवरून वाद आहे. शिडी दोघांची मिळून आहे आणि बल्ब नेमका दोन्हीकडे एकाच आठवड्यात जातो. ही सगळी माणसं मला फार आवडतात. पण समोर आली की मला बोलायला सुचत नाही, म्हणून मी त्यांची वेबसाइट सांभाळतो.

हे काम मला सूनबाईने शिकवलं. मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आमचं छान जमतं, कारण दोघांनाही जेवताना वाचायची सवय आहे आणि दोघंही एकमेकांना त्यावरून बोलत नाही. ती दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते. मी छापखान्यात प्रूफं तपासत म्हातारा झालो. संघात मला पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणतात. मला हे माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, आणि मलाही ते नाव वाईट वाटत नाही.

"अप्पा, आधी एक नमुन्याचं पान करा," सूनबाईने सांगितलं होतं. "मग प्रत्येक मंडळासाठी त्याची कॉपी मारायची आणि माहिती बदलायची. नमुन्यात काहीही टाका."

काहीही टाकणं मला जमत नाही. दुसऱ्या कोणी 'इथे पत्ता', 'इथे वेळ' असं लिहून काम उरकलं असतं. मला रिकाम्या जागा बघवेनात. मी ते पान पूर्ण भरलं, आणि भरता भरता, काय सांगू, मला ते आवडू लागलं.

पत्ता दिला कालव्यामागच्या गल्लीचा. ती गल्ली खरी आहे. शेवटी एका बंद गोदामाची विटांची उंच भिंत येते आणि गल्ली संपते. मी शेवटच्या घराच्या पुढचा नंबर टाकला, म्हणजे कोणाचं खरं घर चुकून त्यात अडकायला नको. मग लिहिलं: 'हिरवं दार. उशीर झाला तरी खुशाल या, दार कुरकुरत नाही. नव्या माणसाला उभं करून नाव विचारलं जात नाही. मागच्या बाकावर उशी आहे. गाता येत नसेल तर नुसते ओठ हलवले तरी चालतात. तुम्ही आत आलात तर कोणी वळून बघणार नाही. नंतर चहा असतो. पत्र लिहिल्यास उत्तर मिळेल.'

पत्रासाठी पत्ता म्हणून मी माझ्याच घराचा दिला. तिथे रिकामी जागा राहिली असती ना.

जन्मभर मी प्रार्थनेला उशिरा पोचलो आणि जन्मभर दारं कुरकुरली. एवढंच त्या पानामागचं कारण होतं.

मंडळांची यादी वेबसाइट आपली आपणच तयार करते. मी बनवलेलं प्रत्येक पान तिच्यात जातं. नमुन्याचं पानही गेलं, आणि बेकरीवाल्या मंडळाच्या खाली दिमाखात उभं राहिलं. मला ते ठाऊकच नव्हतं. पत्र आलं तेव्हा कळलं.

पान तेव्हाच काढून टाकायला हवं होतं असं कोणीही म्हणेल. मी म्हटलं, आधी हे गृहस्थ खरोखर कुठे जातात ते शोधू. बाईंनी पान चुकीचं पाहिलं असणार, वडील दुसऱ्याच मंडळात जात असणार. मी सगळीकडे विचारलं. फोनवर विचारणं मला जड जातं, तरी विचारलं. बस चालवणारे, निवृत्त, कमी बोलणारे असे गृहस्थ कुठेच येत नव्हते. शिडीवाल्या दोन्ही मंडळांनी मात्र मला शिडीबद्दल ऐकवलं.

त्याच आठवड्यात सूचना आली.

सगळी मंडळं आपापल्या सूचना वेबसाइटवरच्या एका चौकटीत भरून पाठवतात. प्रवचन कोणाचं, फुलं कोण आणणार, कोण आजारी आहे. मी त्या तपासून पानावर चढवतो. एका सूचनेवर मंडळ म्हणून नमुन्याच्या पानाचं नाव होतं. मजकूर असा: 'मागच्या बाकावरची उशी उसवली होती; ती आता शिवून झाली आहे.'

खाली पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

"सूनबाई, ही तुझी गंमत आहे का?"

तिने पुस्तकातून डोकं वर न काढता हात पुढे केला, फोन घेतला, वाचलं. "अप्पा, मला गंमत करायची असती तर मी उशीवर थांबले असते का? आणि हा अर्धविराम बघा. आजकाल तुमच्याशिवाय कोण घालतं?"

ते खरं होतं. माझ्या वयात माणसाला स्वतःचीच शंका येते. मी लिहून विसरलो असेन का? सूनबाईने माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. हे ती सहसा करत नाही.

"तुम्ही नाही लिहिलं," ती म्हणाली. "पाठवल्याची वेळ बघा. तेव्हा आपण दोघं बाजारात होतो. तुम्ही भाजीवाल्याला त्याची पाटी दुरुस्त करायला सांगत होतात आणि मी लांब उभी होते, कोणी ओळखू नये म्हणून."

पुढच्या आठवड्यात पुन्हा सूचना आली. 'थंडी वाढली आहे. दार लोटून घेतलं आहे, पण आतून कडी नाही.' त्याच्या पुढच्या आठवड्यात पानावर फोटो आला. त्या जागी मी नुसता करडा चौकोन सोडला होता, कारण न काढलेला फोटो कुठून आणणार? आता तिथे एक खोली होती. उंच खिडकीतून उजेड पडलेला, साधी बाकं, बसलेल्या माणसांच्या पाठी. मागच्या बाकावर टोपी घातलेले एक रुंद पाठीचे गृहस्थ. त्यांच्या शेजारी जागा रिकामी, आणि तिथे एक रुमाल पसरून ठेवलेला. जागा धरायला ठेवतात तसा.

सूनबाईने फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. "चला," ती म्हणाली. "बघून तरी येऊ."

आम्ही गेलो. भर दुपार होती. गल्लीत कपडे वाळत होते, एका घरात रेडिओ लागला होता. शेवटच्या घराच्या तळमजल्यावर सायकल दुरुस्त करणारा बसला होता. त्याच्या पुढे विटांची भिंत. हिरवं सोडा, तिच्यात कुठलंच दार नव्हतं, आणि कधी असेल असंही वाटत नव्हतं. सूनबाईने भिंतीवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"इथे ऊन येत नाही ना?" तिने सायकलवाल्याला विचारलं.

"छे. दिवसभर सावली."

तिने हात काढून कोटाच्या खिशात घातला. भिंत कोमट होती, हे तिने मला घरी आल्यावर सांगितलं.

"रविवारी इथे कोणी येतं का?" मी विचारलं. माझा आवाज इतका बारीक निघाला, की सूनबाईला प्रश्न पुन्हा विचारावा लागला.

"येतात की. प्रार्थनेची माणसं. चांगली आहेत, सायकली नीट ओळीत लावतात. नाहीतर बाकीचे, वाट अडवून जातात."

"आणि जातात कुठे?"

त्याने चाक फिरवून पाहिलं. "आत," तो म्हणाला, आणि भिंतीकडे मान केली. बघितलं मात्र नाही. "बाई, मी रविवारी दुकान अर्धंच उघडतो. पाठ तिकडे करून बसतो. मला त्यांचा काही त्रास नाही, आणि माझा त्यांना नसावा."

आता संघाच्या सेक्रेटरीबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं त्यांच्यामुळे घडलं. बाई कामाच्या पक्क्या आहेत. एका बैठकीत त्यांनी संपूर्ण वेबसाइट पडद्यावर लावली आणि प्रत्येक पानावर बोट ठेवलं.

"हे कोणतं मंडळ? संघात तर नाही."

"नमुना आहे तो," मी म्हणालो.

"नमुना? इथे फोटोत माणसं आहेत."

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"अहो, उद्या कोणी या पत्त्यावर जाऊन उभं राहिलं तर? नाव आपलं जाईल. काढा ते. आत्ताच काढा, माझ्यासमोर."

त्यांचं चूक नव्हतं. मी कळ दाबली. वेबसाइटने विचारलं, 'तुमची खात्री आहे का?' मला आयुष्यात कशाचीच खात्री नव्हती. सेक्रेटरीबाई खांद्यावरून बघत होत्या. मी 'हो' केलं.

त्या रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात मध्यम वयाची बाई, कॉलरला टाचण्या लावलेल्या, धापा टाकत. पत्राचा पत्ता हातात.

"काका, तुम्ही मंडळाचे ना? बाबा परत आले नाहीत."

मी कोट घातला. सूनबाई चप्पल घालून आधीच जिन्यात होती.

ते गल्लीच्या टोकाला, भिंतीसमोर उभे होते. टोपी हातात धरलेली, चेहरा गोंधळलेला. लेकीने दंड धरला तर त्यांनी सोडवून घेतला नाही, पण हललेही नाहीत.

"दार काढलंय कोणी तरी," ते म्हणाले. "आतली गात आहेत. माझ्यासाठी दोनदा थांबली. मी काय करू?"

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. मी भिंतीला कान लावला असता तर कदाचित आलं असतं. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

घरी नेऊन त्यांना खुर्चीत बसवलं. सूनबाई त्यांच्याशी बसच्या रस्त्यांबद्दल बोलत राहिली, आणि मी स्वयंपाकघरात टेलरबाईंना सगळं सांगितलं. कसं बनवलं, का बनवलं, कोणी काढायला लावलं. सांगताना माझीच मला लाज वाटत होती. बाई ऐकत ऐकत कॉलरच्या टाचण्या काढून ओट्यावर एका ओळीत लावत होत्या.

"म्हणजे तिथे कोणीच नाही?"

"ते मला माहीत नाही."

"मग ते गुणगुणतात ते काय? मला दोन ओळी पाठ झाल्यात." त्यांनी एक टाचणी सरळ केली. "काका, मी त्यांना विचारलं होतं, शेजारी कोण बसतं म्हणून. म्हणाले, 'शेजारचे जरा बुजरे आहेत. यायला वेळ लागतोय. मी जागा धरून ठेवतो.' मला वाटलं, भ्रम झालाय. म्हणून तर पत्र लिहिलं."

मी नळ घट्ट बंद आहे की नाही ते पाहिलं. घट्ट होता.

"आता दोनच गोष्टी," त्या म्हणाल्या. "एक तर मी रविवारी त्यांना घरात कोंडून कुलूप लावायचं. पण आई गेल्यावर वर्षभर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, ते मला पुन्हा बघवणार नाही. नाहीतर मग कोणी तरी मला सांगायचं, की जाऊ दे त्यांना, ठीक आहे तिथे. ते मी कोणाला विचारू? तुम्ही लिहिलंय ना, पत्र लिहिल्यास उत्तर मिळेल म्हणून?"

लिहिलं होतं.

त्या गेल्यावर सूनबाई माझ्या शेजारी येऊन बसली. "काढलेलं पान टोपलीत असतं, अप्पा. परत आणता येतं."

"सेक्रेटरीबाई रागावतील."

"मी बोलते त्यांच्याशी. सांगते, स्वल्पविराम रुसलाय."

"तुलाही माहीत आहे ते?"

"मीच ठेवलंय ते नाव," ती म्हणाली आणि हसली. मग हसायची थांबली. "एकटे जाणार?"

"एकटंच जायला हवं. तिथे कोणी वळून बघत नाही, म्हणून मला जमेल."

तिने पान परत आणलं. फोटो होता तसाच होता.

रविवारी ड्रायव्हरसाहेब गल्लीच्या तोंडाशीच भेटले. लेक त्यांना तिथवर सोडून, माझ्याकडे एकदा बघून, उलट्या पावली गेली. आम्ही दोघं काही न बोलता चालू लागलो. सायकली ओळीत लावल्या होत्या. सायकलवाला पाठ करून बसला होता. त्याने हात वर केला, मान मात्र वळवली नाही.

दार हिरवं होतं. मी मनात धरलेल्या हिरव्यापेक्षा थोडं गडद.

साहेबांनी ते ढकललं. ते कुरकुरलं नाही.

आत उबदार होतं. लाकडाचा, जुन्या पुस्तकांचा आणि उकळत्या चहाचा वास. बाकं भरलेली, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. आम्हाला उशीर झाला होता, पण कोणी वळून बघितलं नाही. मागच्या बाकावरची उशी एका कोपऱ्यात नव्या दोऱ्याने शिवलेली. साहेबांनी रुमाल उचलला, घडी करून खिशात घातला, आणि मी बसलो.

मी ओठ हलवले. चाललं.

किती बरं वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. इतकी माणसं, आणि एकालाही माझ्याकडून काही नको होतं.

गीत संपलं. प्रवचन झालं. बोलणाराही पाठमोराच होता, पण शब्द स्पष्ट येत होते. मग चहा आला. पुढच्या बाकावरून एक हात खांद्यावरून मागे आला आणि त्याने मला कप दिला. हात म्हातारा, स्वच्छ, नखं नीट कापलेली. कप माझ्या हातात नीट बसेपर्यंत त्याने सोडला नाही.

"आभारी आहे," मी म्हणालो.

समोरचं डोकं हळूच हललं. वळलं नाही.

चहा झाला, माणसं उठली, एकमेकांशी हलक्या आवाजात बोलू लागली. खांदे हसताना हलत होते. त्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मी पूर्ण वेळ बघत होतो, आणि त्या सगळ्या खोलीत मला एकच चेहरा दिसला, माझ्या शेजारच्यांचा.

"हे असेच असतात का नेहमी?" मी विचारलं.

"कसे?" साहेब म्हणाले. "अहो, तुमच्यासारखी माणसं. लाजतात." आणि ते गुणगुणू लागले.

मग मी खिशातून कागद आणि पाकीट काढलं, कप बाकावर ठेवला आणि तिथेच मांडीवर लिहिलं. फार दिवस अडलेलं उत्तर दोन ओळींत झालं.

'तुमच्या बाबांच्या शेजारी कोणी तरी बसतं. इथून पुढे मी बसेन; त्यांना येऊ द्या.'

"लेकीला का?" साहेबांनी पाकिटावरचं नाव वाचलं. "बरं केलंत. काळजी करते फार. टाका की मग, पेटी इथेच आहे."

दाराच्या बाजूला, गल्लीच्या टोकाच्या त्याच विटांच्या भिंतीत, पितळी चौकट असलेली एक फट होती. पानावर मी अशी काही पेटी लिहिली नव्हती. ती भिंत भरीव आहे. मी ती बाहेरून पाहिलेली आहे.

मी पाकीट फटीला लावलं. अर्धं आत गेलं आणि माझा हात थांबला.

पलीकडून कोणी तरी ते धरलं, आणि सावकाश, कड दुमडू नये अशा बेताने, आत ओढून घेतलं.